माकडताप: काजूच्या बागेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी लागला की सिंधुदुर्गातल्या आमच्या दोडामार्गकडे काजूची बी पडायला सुरुवात होते आणि त्याच सुमाराला नवी माणसं येतात. कोणी पुण्या-मुंबईहून येऊन जमीन घेतलेली, कोणी हंगामापुरतं मजुरीला आलेलं, कोणी वनरक्षक म्हणून नुकतंच रुजू झालेलं, कोणी प्राणिशास्त्र शिकणारं पोरगं. सगळ्यांनी माकडतापाबद्दल ऐकलेलं असतं. आणि जवळजवळ प्रत्येकाची नजर वर, झाडाच्या शेंड्याकडे असते. माकडं दिसली की घाबरायचं, नाही दिसली की निर्धास्त.

मला त्यांना सांगावंसं वाटतं ते एवढंच: नजर खाली आणा. माकड मरतं, दिसतं, बातमी होते. पण हा आजार रानात वर्षानुवर्षं टिकतो तो पाचोळ्यात. तिथे चाव्यातून हा ताप देणारी गोचीड आहे, आणि त्या गोचिडीला पोसणारे उंदीर, चिचुंद्र्या, खारी आहेत. हे एकदा नीट कळलं की काय करायचं आणि काय करायचं नाही, हे पाठ करावं लागत नाही, आपसूक सुचतं. म्हणून आधी थोडं समजून घेऊ, मग कामाला लागू.

पायरी 1: साखळी समजून घ्या

या आजाराचं पुस्तकी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. क्यासनूर हे कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातलं, सोरब तालुक्यातलं जंगल. 1957 मध्ये तिथे माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने आडवी झाली. आधी भीती अशी होती की हा पिवळा ताप भारतात आला की काय. शोध घ्यायला गेली पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची मंडळी. आज आपण राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही, म्हणतो तीच ही संस्था. त्यांना सापडला तो वेगळाच विषाणू, रशियाच्या जंगलात गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद.

बरीच वर्षं हा आजार शिमोगा आणि भोवतालच्या जिल्ह्यांपुरता राहिला. मग 2012 नंतर बंदीपूर, निलगिरी, वायनाड अशी नावं ऐकू येऊ लागली. 2015 मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात काजूच्या बागेत काम करणारी माणसं आजारी पडली, आणि 2016 मध्ये आमच्या दोडामार्ग तालुक्यात. पुढे सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूलाही. म्हणजे ही गोष्ट परमुलखाची राहिलेली नाही.

आता गोचिडीचं आयुष्य बघा, कारण सगळी किल्ली तिथे आहे. माणसाला हा विषाणू देणारी मुख्य गोचीड म्हणजे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. ती आयुष्यात तीनदाच जेवते, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या प्राण्यावर. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं, डोळ्याला जेमतेम दिसणारं. ते एखाद्या छोट्या प्राण्यावर चढतं, पोटभर रक्त पितं, खाली पाचोळ्यात पडतं आणि कात टाकतं. त्यातून निघते आठ पायांची कुमारी गोचीड, खसखशीच्या दाण्याएवढी. इंग्रजीत तिला निम्फ म्हणतात, आरोग्य खात्याची माणसंही तोच शब्द वापरतात. ही निम्फ पुन्हा कुणाचं तरी रक्त पिते, पुन्हा खाली पडते, पुन्हा कात टाकते. मग पूर्ण वाढलेली गोचीड गाय, म्हैस, सांबर अशा मोठ्या जनावरावर चढते, जमिनीवर येऊन हजारावर अंडी घालते आणि मरते.

ही तीन जेवणं ऋतूंना बांधलेली आहेत. मोठ्या गोचिडी पावसाळ्यात, सहा पायांची पिल्लं पाऊस ओसरताना, आणि निम्फ साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत. माणसाला चावते ती बहुतेक वेळा निम्फ. काजू, कोकम, सुकलेला पाला, जळण, सगळी कामं नेमकी तेव्हाच असतात. आजाराचा हंगाम आणि रानातल्या कामाचा हंगाम एकमेकांवर पडतात, यात योगायोग काहीच नाही.

आता प्रश्न असा. या जातीत आईकडून अंड्यात विषाणू उतरणं फारसं घडत नाही. म्हणजे दर वर्षी पिल्लांची नवी पिढी कोरी जन्मते. मग तिला विषाणू देतो कोण?

तर तिचं पहिलं जेवण. ते उंदरावर होतं, चिचुंद्रीवर होतं, खारीवर होतं, जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यावर होतं, कधी माकडावर होतं. त्या प्राण्याला आधी एखादी विषाणू बाळगणारी निम्फ चावलेली असेल, तर त्याच्या रक्तात काही दिवस विषाणू फिरत असतो. उंदीर त्याने सहसा मरत नाही. तो धावत असतो, खात असतो, आणि त्याच्या कानामागे बसलेली पन्नास पिल्लं त्याच्याकडून विषाणू घेऊन खाली पडत असतात. एकदा घेतला की कात टाकली तरी विषाणू गोचिडीच्या अंगातून जात नाही. पुढच्या अवस्थेत ती तो दुसऱ्याला देते.

युरोपातल्या अशाच एका आजाराच्या, म्हणजे टिक-बॉर्न एन्सेफलायटिस या गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. तिथल्या जंगलात पिवळ्या मानेचे रानउंदीर आणि आखूड शेपटीचे व्होल नावाचे उंदीर आहेत. एकाच उंदरावर एक बाधित निम्फ आणि काही कोरी पिल्लं शेजारी शेजारी बसून रक्त पीत असतील, तर उंदराच्या रक्तात विषाणू फारसा चढलेला नसतानाही तो एकीकडून दुसरीकडे जातो. उंदराची कातडी म्हणजे जणू पंगत, आणि शेजारच्या पानातून उष्टं जावं तसा विषाणू जातो. म्हणून आजारी दिसणारा उंदीर शोधून काही हाती लागत नाही. जर्मनीत, ऑस्ट्रियात शिकायला गेलेली आपली मुलं सुट्टीत डोंगरात भटकतात, त्यांनाही हे ठाऊक असावं. तिथे त्या आजारावर चांगली लस मिळते, ती घ्यावी.

माकडाची भूमिका वेगळी. वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोघांनाही हा विषाणू झेपत नाही. त्यांच्या रक्तात तो प्रचंड वाढतो, अंगावरच्या शेकडो गोचिडी बाधित होतात, आणि माकड मेलं की त्या सगळ्या एका जागी जमिनीवर उतरतात. ती जागा पुढे काही काळ फार धोक्याची. म्हणजे माकड आजार वाढवतं आणि आपल्याला इशाराही देतं. पण माकडं नसलेल्या रानातही पाचोळ्यातला व्यवहार चालूच असतो. गाय-म्हैस यात तिसऱ्या जागी: त्यांच्या रक्तात हा विषाणू गोचिडीला देण्याइतका वाढत नाही, पण मोठ्या गोचिडींना रक्त मिळतं ते त्यांच्याकडूनच, म्हणून गोचिडींची संख्या वाढते. आणि माणूस ही साखळीची बंद गल्ली. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही. आजारी माणसाला वाळीत टाकू नका, त्याच्या घरी जा, पेज द्या, पाणी द्या.

पायरी 2: छोटे शेजारी ओळखा

नव्या माणसाला सगळे उंदीर सारखेच. तसं नाही. बागेत आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शांत उभं राहिलात तरी फरक दिसायला लागेल.

पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर बघा. अंग करडं-तपकिरी, पण शेपटीचा शेवटाकडचा भाग पांढराशुभ्र, अंधारातही चमकतो. तो झाडावरही चढतो आणि खालीही फिरतो, म्हणजे पाचोळ्याची आणि फांद्यांची दोन्ही जगं जोडतो. क्यासनूरच्या अभ्यासात विषाणू सापडलेल्या प्राण्यांत हा ठळकपणे आहे. त्याच्या जोडीला काळा उंदीर, जो रानातही राहतो आणि तुमच्या माळ्यावरही.

चिचुंद्री तर सगळ्यांच्या ओळखीची. लांब नाक, मिचमिचे डोळे, भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत पळणारी, उग्र वासाची. तिला उंदीर समजतात, पण ती उंदीर नाही, किडे खाणारा वेगळाच प्राणी आहे. या विषाणूच्या कथेत तिचं नाव अगदी पहिल्या वर्षांपासून आहे. ती रान आणि घर यांच्यामधली वेस रोज ओलांडते, म्हणून मी तिच्याकडे जास्त लक्ष देतो.

खार, जिला आमच्याकडे चानी म्हणतात, ती दिवसा दिसते. शेकरू वर राहतं, जमिनीवर क्वचित येतं. उडत्या खारीच्या अंगावर इक्सोडिस गटातली एक वेगळीच गोचीड असते. ससा आणि साळिंदर हे जरा मोठे, पण गोचिडींना तेही चालतात. साळिंदराचं बीळ दिसलं, आसपास काटे पडलेले दिसले, तर तिथे बसून डबा खाऊ नका.

इक्सोडिस गटातल्या काही गोचिडी बहुतेक उंदीर, चिचुंद्री, खारी यांच्या घरट्यांत आणि बिळांतच वाढतात, माणसाच्या वाटेला फारशा जात नाहीत. त्यामुळे त्यांची कुणी चर्चा करत नाही. पण पावसाळ्यात, जेव्हा माणसाला ताप येणं थांबलेलं असतं, तेव्हा विषाणू रानात जिवंत राहण्यात त्यांचा हात मानला जातो. आपल्याला वाटतं पाऊस पडला, साथ संपली. बिळात मात्र व्यवहार चालू.

पायरी 3: जागा वाचायला शिका

बागेत पाऊल टाकण्याआधी एकदा कडेने चाला आणि बघा.

घनदाट जुन्या रानापेक्षा रान आणि बाग जिथे भेटतात ती पट्टी जास्त जपायची. जंगल तोडून मोकळं केलं की कडेला घाणेरी माजते, म्हणजे ती रंगीत फुलांची काटेरी टणटणी. तिच्या जाळीत उंदरांना लपायला जागा मिळते, फळं मिळतात, आणि त्याच जाळीला खेटून गुरांची वाट जाते. उंदीर पिल्लांना पोसतात, गुरं मोठ्या गोचिडींना. एकाच जागी दोघांची सोय. होर्हे बोशेल या संशोधकाने 1969 मध्येच हे मांडलं होतं की जंगल तुटणं आणि गुरं वाढणं यांचा या आजाराशी जवळचा संबंध आहे. आमच्याकडे गेल्या काही वर्षांत डोंगरच्या डोंगर काजू-रबरासाठी उघडे झाले, ते बघताना मला हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवतं.

मग पाचोळा बघा. काजूचं पान जाड, ते लवकर कुजत नाही. झाडाखाली वीतभर थर साचतो. वरून कुरकुरीत, हात घातला तर खाली गार आणि ओलसर. तो ओलावा गोचिडीला हवा असतो. उन्हात कोरड्या जागी ती फार काळ जगत नाही. म्हणून उघडी पायवाट त्यातल्या त्यात बरी, आणि झाडाखालची गार सावली, जिथे आपल्याला बसावंसं वाटतं, तीच जपायची जागा.

आरोग्य खात्याची माणसं गोचिडी मोजायला येतात तेव्हा पांढरं जाड कापड काठीला बांधून पाचोळ्यावरून ओढत नेतात. मी एकदा जवळ जाऊन बघितलं. कापड उलटं केलं तेव्हा त्यावर मिरपूड सांडल्यासारखं दिसलं. बघता बघता ती मिरपूड चालायला लागली. त्या दिवसापासून मी हाफ पँट घालून बागेत गेलेलो नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाका. गोचीड उडत नाही, उड्या मारत नाही, झाडावरून डोक्यावर पडत नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा पाचोळ्याच्या वरच्या थरावर पुढचे पाय पसरून थांबते, आणि काही घासून गेलं की धरते. पायाला लागते, मग वर वर चढते. केसांत सापडली तरी तिने प्रवास खालूनच केलेला असतो.

पायरी 4: हंगामाआधीची तयारी

हे काम डिसेंबर-जानेवारीतच व्हायला हवं, बी पडायला लागल्यावर उशीर होतो.

झाडाखालचा पाचोळा दाताळ्याने ओढून बागेच्या एका उन्हाच्या कोपऱ्यात घ्या. प्रत्येक झाडाखालची जमीन दिसली पाहिजे. यात दुहेरी फायदा, बी शोधायला पाचोळ्यात हात घालावा लागत नाही. हे काम करणाऱ्याने मात्र पूर्ण कपडे, बूट, हातमोजे घालूनच करायचं, कारण सगळ्यात जास्त धोका त्याच दिवशी असतो.

पाचोळा पेटवून देऊ नका. दर वर्षी कोणीतरी पेटवतं, वारा फिरतो आणि वणवा डोंगरावर चढतो. आगीने वरच्या गोचिडी मरतील, पण जमिनीच्या भेगांत उतरलेल्या वाचतात, आणि बिळातले उंदीर पळून सरळ वाडीकडे येतात, अंगावरच्या गोचिडींसकट.

बागेतून घराकडे येणारी एक वाट पक्की ठरवा आणि तिच्या दोन्ही बाजूंनी हातभर झाडोरा बेणून काढा. घाणेरीची जाळी निदान कामाच्या जागेपासून आणि गोठ्यापासून दूर करा.

गोठ्यात गुरांखाली घालायला रानातून पातेरा आणायची आमच्याकडे जुनी रीत आहे. शेणखत चांगलं होतं, मान्य. पण या दिवसांत रानातला पातेरा आणणं म्हणजे गोचिडी टोपलीत भरून घरी आणणं. भाताचा पेंढा वापरा, किंवा पावसाळ्याआधीपर्यंत रानाचा पाला टाळा. शक्य असेल तर डिसेंबर ते मे गुरं त्या विशिष्ट रानात सोडू नका. गुरांच्या अंगावरच्या गोचिडींसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्या आणि ते सांगतील त्याच प्रमाणात लावा.

लसीबद्दल सगळे विचारतात. कर्नाटकात 1990 पासून एक लस दिली जात होती. तिचे अनेक डोस घ्यावे लागत, आणि तरी संरक्षण पुरेसं मिळत नव्हतं. 2022 मध्ये ती थांबली. नव्या लशीचं काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने चालू आहे. तोवर आपली लस म्हणजे कपडे, तेल आणि रोजची तपासणी.

पायरी 5: रोजचा नेम

सकाळी निघताना फिक्या रंगाची लांब पँट घाला. फिका रंग यासाठी की गोचीड चढताना दिसावी. पँटचे पाय मोज्यांत खोचा, मोजे बुटांत. साडी नेसणाऱ्या बायकांनी आत लेगिंग घालून ती मोज्यांत खोचली तरी चालतं. आमच्याकडे आता बऱ्याच जणी तसंच करतात. पूर्ण बाहीचा शर्ट, तो पँटमध्ये.

मग तेल. डीईपीए नावाचं कीटकरोधक तेल संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने (डीआरडीओने) विकसित केलेलं आहे, या पट्ट्यात हंगामात ते आरोग्य उपकेंद्रावर मिळतं का ते आशाताईंना विचारा. घोटे, पोटऱ्या, हात, मान यांना लावा. डोळे आणि जखमा टाळा. घामाने ते उतरतं, म्हणून दुपारी जेवल्यावर पुन्हा लावायचं. लोक सकाळी एकदा लावतात आणि दिवसभर निश्चिंत राहतात, तिथेच चूक होते.

बी गोळा करताना जमिनीवर बसू नका. बोंडू, म्हणजे बी लटकलेलं काजूचं फळ, आधी काठीने किंवा आकडीने ओढून मोकळ्या जागी आणा, मग उभ्याने किंवा पाटावर बसून बी पिरगळून काढा. विश्रांतीला प्लास्टिकचा कागद अंथरा. शर्ट काढून पाचोळ्यावर टाकू नका, फांदीला टांगा.

संध्याकाळी घराच्या उंबऱ्याच्या आत जाण्याआधी कपडे बदला. काढलेले कपडे कढत पाण्यात भिजवा. साबण लावून गरम पाण्याने अंघोळ करा, आणि अंघोळ करतानाच अंग तपासा: गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, बेंबीत, काखेत, कानामागे, केसांच्या कडेला. पाठ दुसऱ्याकडून बघून घ्या. नवरा-बायकोने एकमेकांची, आईने पोरांची.

माझ्या आत्येने एकदा माझ्या पोटरीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "तीळ आहे." ती चष्मा सरकवून वाकली आणि म्हणाली, "ह्यो तीळ नाय रे, ह्येका पाय आसत." तेव्हापासून अंगावरचा प्रत्येक तीळ कुठे आहे ते मला पाठ आहे. तुम्हीही हंगामाच्या सुरुवातीला एकदा आपले तीळ बघून ठेवा, नवा दिसला तर लगेच कळेल.

कुत्रा आणि मांजर विसरू नका. मांजर चिचुंद्री पकडून ओसरीवर आणतं, कुत्रा बिळं उकरतो. त्यांच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघा. हंगामात त्यांना अंथरुणावर घेऊ नका.

पायरी 6: चिकटलेली गोचीड काढणं

रॉकेल, तेल, चुना, तंबाखू, विझती काडी, यातलं काहीही नको. त्याने गोचीड गुदमरून सुटते हा समज आहे. प्रत्यक्षात ती डिवचली जाते आणि आपली लाळ आणखी जखमेत सोडते.

बारीक टोकाचा चिमटा घ्या. तिच्या पोटाला नव्हे, कातडीला अगदी लागून तोंडाकडे धरा. हिसका न देता, न पिळता, सरळ वर ओढा. सुटेल. तोंडाचा तुकडा आत राहिला तर टोकरत बसू नका, तो आपोआप बाहेर पडतो. जागा आणि हात साबणाने धुवा. काढलेली गोचीड नखांवर चिरडू नका. चिकटपट्टीत गुंडाळा किंवा स्पिरिटच्या बाटलीत टाका.

"रात्री निवांत काढू" असं म्हणू नका. काही जंतूंना गोचिडीतून माणसात यायला दिवस-दीड दिवस लागतो, पण विषाणूंचं तसं नाही. अमेरिकेतल्या पोवासन नावाच्या याच कुळातल्या विषाणूवर प्रयोग झाले, त्यात उंदराला गोचीड चिकटल्यावर 15 मिनिटांत विषाणू पोचल्याचं दिसलं. दिसली की काढा.

आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेला खूण करा. हे फार साधं वाटतं, पण पुढे डॉक्टरांना यासारखी उपयोगाची दुसरी माहिती नसते.

पायरी 7: मेलेलं माकड दिसलं तर

हात लावू नका. काठीने उलटवूही नका. पुरायला जाऊ नका, श्रद्धेने हार-कुंकू वाहायलाही जाऊ नका. मला ठाऊक आहे, मारुतीरायाचं रूप म्हणून आपल्याला राहवत नाही. लांबूनच नमस्कार करा आणि मागे फिरा. जागेची खूण लक्षात ठेवा, इतरांना तिकडे जाऊ देऊ नका, आणि वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा. महाराष्ट्रात वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे.

खात्याची माणसं संरक्षक पोशाख घालून येतात, नमुना घेतात, मृतदेह जाळतात आणि त्या जागेभोवती साधारण 50 फुटांच्या घेरात कीटकनाशक मारतात. त्यांनी सांगेपर्यंत त्या भागात बी गोळा करायला जायचं नाही, मग झाडाखाली बीचा सडा का पडेना. मालकाने मजुरांना पाठवणं तर अजिबात नाही.

पायरी 8: उंदरांचं काय करायचं

इथपर्यंत वाचून कोणाच्याही मनात येईल: मग सगळे उंदीर मारून टाकू. नका.

बागेत विष टाकलं की उंदीर मरतो, आणि त्याचं अंग गार पडायला लागलं की त्याच्यावरच्या गोचिडी नवं ऊब देणारं अंग शोधायला निघतात. ते अंग तुमचं असू शकतं. शिवाय विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, मुंगूस खातं, रानमांजर खातं, साप खातो. उंदरांवर धाक ठेवणारे हेच प्राणी आधी संपतात, आणि उंदीर दोन-तीन महिन्यांत पहिल्याइतके होतात. घुबड दर रात्री जे काम फुकट करतं, ते कुठलंच विष करत नाही.

ससा, साळिंदर, शेकरू यांच्या शिकारीचा विचारही नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहेच, पण शिकार सोलताना सगळ्या गोचिडी सोलणाऱ्याच्या हातावर चढतात, हेही लक्षात घ्या.

रानात त्यांना राहू द्या आणि घरात येण्याचं कारण तेवढं काढून टाका. वाळवलेली काजूबी पोत्यात ओसरीवर ठेवण्यापेक्षा झाकणाच्या पिंपात ठेवा. भात, कुळीथ, गुरांचं खाद्य तसंच. जळणाची मोळी भिंतीला टेकवून रचू नका. चार दगडांवर, घरापासून लांब रचा. उष्टं-खरकटं परसात टाकू नका. कौलांखालची आणि मोरीची भोकं जाळीने बंद करा. रस घेतल्यावर उरलेला बोंडाचा चोथा बागेतच ढिगाने पडतो आणि त्यावर रात्री उंदरांची जत्रा भरते. तो रोजच्या रोज खड्ड्यात टाकून मातीआड करा.

घरात पिंजरा लावून उंदीर पकडला तर हातमोजे घाला. मेलेला उंदीर शेपटीला धरून फेकू नका, पिशवी हातावर उलटी चढवून उचला, गाठ मारा, खोल पुरा.

पायरी 9: ताप आला तर

गोचीड चावल्यापासून साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येतो. तो हळूहळू येत नाही, एकदम भरतो. डोकं फुटेल असं दुखतं, कंबर आणि पोटऱ्या ठेचून काढल्यासारख्या होतात, डोळे लाल होतात, उलट्या किंवा जुलाब होऊ शकतात, माणूस उठून बसायला मागत नाही. काहींना हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचातून रक्त जातं. बहुतेक जण बरे होतात, पण शंभरात तीन ते पाच जण दगावतात, आणि अशक्तपणा कित्येक आठवडे राहतो. काही रुग्णांत ताप उतरतो, माणूस कामाला जायला लागतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. या वेळी मान ताठरणं, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ होणं, अशी मेंदूची लक्षणं असू शकतात. म्हणून पहिला ताप उतरला की लगेच बागेत पाठवू नका.

या विषाणूवर नेमकं औषध नाही. पण वेळेवर सलाईन, रक्तदाबावर लक्ष, रक्तस्राव झाल्यास उपचार, यांनी जीव वाचतो. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या तीव्र गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप फारच असला तर पॅरासिटामॉल घ्या आणि दवाखाना गाठा.

अडचण अशी की सुरुवातीला हा ताप डेंग्यूसारखाच दिसतो, प्लेटलेटही तशाच उतरतात. आमच्या वाडीतल्या एका वहिनींना पहिले चार दिवस डेंग्यू म्हणूनच औषध चाललं होतं, कारण त्या काजूला जातात हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उंदरांशी जोडलेले आणखी दोन ताप इकडे आहेत. एक लेप्टो, तो बहुधा पावसाळ्यात, शेतातल्या पाण्यातून. दुसरा स्क्रब टायफस, उंदरांवरच्या बारीक किटकुळ्यांच्या चाव्याने होणारा, त्यात अंगावर कुठेतरी काळी खपली सापडते. या दोन्हींवर औषधं आहेत, म्हणून तपासणीचा कंटाळा करायचा नाही.

माकडतापाचं निदान पहिल्या काही दिवसांत रक्तातल्या विषाणूच्या आरटी-पीसीआर चाचणीने होतं, आणि साधारण पाचव्या दिवसानंतर प्रतिपिंडांच्या चाचणीने. नमुना कुठे पाठवायचा हे प्राथमिक आरोग्य केंद्राला माहीत असतं. तुमचं काम एवढंच की त्यांना शंका यावी.

त्यासाठी दवाखान्यात गेल्या गेल्या, विचारण्याची वाट न बघता, या चार गोष्टी सांगा. मी काजूच्या बागेत काम करतो, बाग अमुक गावच्या रानाला लागून आहे. गोचीड अमुक तारखेला काढली. मधल्या काळात बागेत किंवा आसपास माकड मेलेलं दिसलं, किंवा दिसलं नाही. ताप अमुक दिवशी अमुक वेळी सुरू झाला. रुग्णाला बोलवत नसेल तर सोबतच्या माणसाने सांगावं. आणि घरातून निघताना भिंतीवरचं ते कालनिर्णय काढून पिशवीत टाकावं.